परक्या घरचं विरजण

बांगड्याच्या तिखल्याची वाटी शिरीषनं बोटानं बाजूला सारली आणि विचारलं, "भाकरी आसा?"

हेमांगी केळुसकरचा हात डावावरच थांबला. लग्नाला तीस वर्षं होत आली होती. या माणसानं तिच्या हातच्या बांगड्याला नाही म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. पथ्याच्या दिवसांतसुद्धा तो चमचाभर रस चोरून मागायचा आणि ती डॉक्टरांना शिव्या घालत द्यायची.

"भात नको?" तिनं विचारलं.

"नको गो. भाकरी, आणि हुलग्याचं माडगं असला तर बघ."

हुलगे! वेंगुर्ल्याचा माणूस, जन्मभर कुळीथ म्हणत आला आणि आता त्याला हुलगे म्हणायला लागला. हेमांगीच्या कपाळाची शीर उडायला लागली. टेबलावर त्याचा फोन पडला होता आणि त्यावर हिरव्या अक्षरांत आकडा चमकत होता: वस्ती, बावन्न टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त नवरा गेलाच, असा तिनं मनाशी हिशेब केला.

मिरजेत त्यांची खाणावळ होती. ती चालली होती हेमांगीच्या हातावर आणि शिरीषच्या जिभेवर. सकाळी पहिली कढई उतरली की ती थोडा रस त्याच्या तळहातावर घालायची. तो चाखायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मीठ बरोबर आसा." तोवर एकाही गिऱ्हाइकाचं ताट वाढलं जात नसे. दवाखान्यांच्या या गावात पेशंटबरोबर आलेले नातेवाईक चार घास सुखाचे खायला तिच्याकडे येत. कोल्हापूरपर्यंत तिच्या हाताचं नाव होतं. आणि घरात काय? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

आता हा बावन्नचा आकडा काय होता, ते सांगायला हवं.

शिरीषच्या यकृतात गाठ होती. लहानपणी कधीतरी अंगात शिरलेला काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहिला आणि मग त्यानं हे दिवस दाखवले. गाठ कापून काढण्याच्या पलीकडे गेली होती. यकृत हा भलता सोशिक अवयव आहे. आपण जे खातो-पितो त्याचं सत्त्व घेऊन आतड्यातून निघालेलं रक्त पहिल्यांदा त्याच्याच दारात येतं. दिवसभर इतकं परकं दारात येतं, की प्रत्येकाशी भांडत बसलं तर जगणंच अवघड. म्हणून यकृत आपल्या रक्षक पेशींना गप्प बसायला शिकवतं. कॅन्सर नेमका या सोशिकपणाचा फायदा घेतो. विसाच्या दशकापासून डॉक्टर त्यावर औषधांची जोडी देत आले होते. एक औषध रक्षक पेशींचा लगाम सोडायचं, दुसरं गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ रोखायचं. काहींच्या गाठी या जोडीनं विरघळून गेल्या. पुष्कळांच्या ढिम्म हलल्या नाहीत. आजार तोच, औषध तेच, मग फरक कशात होता?

फरकाचा मोठा भाग आतड्यात सापडला. ज्यांच्या गाठी विरघळल्या त्यांच्या पोटात काही विशिष्ट जिवाणूंची वस्ती होती. त्या वस्तीतून निघालेली रसायनं थेट यकृतात पोचत आणि पेंगुळलेल्या रक्षक पेशींना जागं करत. मग ती वस्तीच उचलून दुसऱ्याच्या पोटात नेऊन ठेवली तर? तसे प्रयोग झाले, पण कॅप्सूलमधून गेलेले जिवाणू थोड्याच दिवसांत मरून जात. परक्या गावात त्यांना त्यांचं खाणं मिळत नसे. म्हणून मिरजेच्या संशोधन केंद्रातल्या डॉक्टर निखत मुजावर यांनी 'त्रिदळ' नावाची चाचणी आखली. दोन दळं म्हणजे दोन औषधं. तिसरं दळ म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाचे जिवाणू, त्याच्या घरच्या जेवणासकट. दिवसातलं एक जेवण त्या घरच्यासारखं आणि दही त्याच घरच्या विरजणाचं. बाकी काय हवं ते खा, पण दुसरं आंबवलेलं काही सहा महिने तोंडात घालायचं नाही. शिरीषच्या आतड्यात हरभऱ्याएवढा एक पहारेकरी चिकटवून ठेवला होता. पोटात पाहुण्यांची वस्ती किती टिकली, ते तो रोज फोनवर कळवायचा.

शिरीषच्या वाट्याला आलेली वस्ती होती जतकडच्या मोटेवस्तीवर राहणाऱ्या शालन मोटे यांची.

"बाईमाणूसच मिळालं होय तुम्हाला?" हेमांगीनं पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं होतं.

"काकू, जिवाणूंना साडी-धोतर नसतं हो," निखत मुजावर हसून म्हणाल्या होत्या. हेमांगी तेव्हा हसली नव्हती आणि अजूनही हसत नव्हती.

तिखलं नाकारलं त्या दिवसापासून ती शिरीषचं ताट वाढायची आणि सरळ बाहेर गिऱ्हाइकांत जाऊन उभी राहायची. परक्या बाईच्या घरचं जेवण आपला नवरा मिटक्या मारत खातोय, हे बघत बसायला तिच्या अंगात तेवढी संतपणाची हाडं नव्हती. पूर्वी ती समोरच्या स्टुलावर बसून त्याचा शेवटचा घास जाईपर्यंत बघत राहायची. ते स्टूल आता भिंतीकडे गेलं.

दर गुरुवारी केंद्रात औषधाची पाळी असायची. शिरीष आत सलाइन लावून पडायचा आणि हेमांगी बाहेरच्या बाकावर बसायची. शालन मोटेही त्याच दिवशी तपासणीसाठी रक्त द्यायला यायची. पन्नाशी ओलांडलेली, उंच, रापलेली बाई. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घातलेला. चार वर्षांपूर्वी तिची स्वतःची गाठ याच केंद्रात विरघळली होती आणि आता तिच्या घरचं विरजण ड्रोननं मिरजेला येत होतं. तिला मात्र जतहून एसटीनंच यावं लागायचं, हेही एक नवलच.

"ताई, दाजी कसं हाइत?" बाकावर टेकता टेकता तिनं विचारलं.

दाजी! म्हणजे न मानताच ही बहीण झाली होती. "आहेत," हेमांगी म्हणाली.

"दही जातंय न्हवं त्येस्नी? काय म्हनत्यात?"

शालन पुढे झुकून बघत होती. त्याच सकाळी शिरीषनं वाटी चाटूनपुसून खाली ठेवली होती आणि म्हणाला होता, "हेमा, असला दही माज्या जल्मात खावक नाय. शालनताईक माजो निरोप सांग हां." तो निरोप हेमांगीच्या तोंडात तयार होता. तो तिनं गिळला.

"काय म्हणणार?" ती म्हणाली. "औषध म्हणून खातात."

"व्हय," शालन म्हणाली. "औषदच की त्ये." आणि शर्टाच्या बाहीचं बटण काढत-घालत बसून राहिली.

फाटकापर्यंत हेमांगीला फार बरं वाटलं. फाटकाबाहेर पडल्यावर तितकंसं वाटेना. पण निरोप सांगायला ती मागे फिरली नाही.

आकडा चढत गेला. साठ झाला, अडुसष्ट झाला. शिरीषच्या गालांवर रंग आला आणि रक्तातली कॅन्सरची खूण निम्म्यावर आली. डॉक्टर निखत खुशीत होत्या. केंद्रातल्या नर्सबाया खुशीत होत्या. हेमांगीनंही गणपतीला एकवीस मोदक केले, नाही असं नाही. पण आकडा चौऱ्याहत्तर झाला त्या सकाळी तिनं नेहमीसारखा त्याच्या तळहातावर कोलंबीचा रस घातला. शिरीषनं चाखला, डोळे मिटले, पुन्हा चाखला आणि ओशाळून म्हणाला, "माका काय समजना नाय गो. मीठ तूच बघ."

तिनं मीठ आपल्या अंदाजानं घातलं. दुपारी एका गिऱ्हाइकानं वाटी अर्धी ठेवली आणि हात धुताना बायकोला म्हणाला, पूर्वीसारखं राहिलं नाही. हेमांगीनं ते ऐकलं. शालन मोटेनं आपल्या घरात चूल मांडली आहे, असंच तिला वाटलं. सवत असती तर झिंज्या धरून बाहेर काढता आली असती. ही तर नवऱ्याच्या पोटात जाऊन बसली होती, आणि तिला बाहेर काढा असं कुणाला म्हणायचीही सोय नव्हती, कारण तीच त्याला जगवत होती.

खाणावळीच्या फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात हेमांगीचं स्वतःचं विरजण होतं. लग्न होऊन मिरजेला यायला निघाली, तेव्हा सासूनं झाकणाच्या डबीत घालून दिलेलं. "घर चालता ठेव आणि ह्या विरजण जिता ठेव," सासू म्हणाली होती. गावाला जाताना ते शेजारी ठेवायला दिलं होतं, पुराच्या वर्षी उराशी धरून शाळेच्या वर्गात नेलं होतं, पण मरू दिलं नव्हतं. चाचणी सुरू झाली तेव्हा केंद्राच्या माणसांनी ते शिरीषच्या ताटापासून लांब ठेवायला सांगितलं होतं. तीस वर्षं जे खाऊन हा माणूस जगला, ते आता विटाळ झालं होतं.

त्या संध्याकाळी तिनं शालनच्या विरजणाचं भांडं घासून पालथं घातलं, दूध कोमट केलं आणि त्यात आपलं विरजण घातलं. हा वेडेपणा आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. एका वाटीनं काय होतंय, असं ती मनाशी म्हणाली. पोटात जळत असलं की माणूस असलेच हिशेब मांडतो.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी वाढली, दह्याची वाटी ठेवली आणि भिंतीकडचं स्टूल ओढून समोर बसली. शिरीषनं पहिला घास घेतला. जरा थांबला. मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"काय?" हेमांगीनं विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "बरा आसा."

त्यानं वाटी बोटानं पुसून खाल्ली. हेमांगीला जिंकल्याचा आनंद झाला आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. आपल्या घरचं दही याला ओळखूही आलं नाही! आता ओळखेपर्यंत द्यायचंच, असं तिनं ठरवलं. केंद्राकडून येणारी डबी ती रोज रिकामी करायची आणि रोज समोर बसून त्याला आपलं दही खायला घालायची.

आकडा उतरायला लागला. सत्तर, एकसष्ट, अठ्ठेचाळीस. दुसरी कुठलीही बाई घाबरली असती. हेमांगी फोनकडे बघून गाणं गुणगुणायची. एका दुपारी शिरीषनं स्वतःहून तिखलं मागितलं. मग एका सकाळी रस चाखून, डोळे मिटून म्हणाला, "मीठ बरोबर आसा." ती कढईपाशी उभी राहून पदरानं डोळे पुसत राहिली. तिचा नवरा परत आला होता.

त्याच्याबरोबर आणखी कोण परत येत होतं, ते पुढच्या तपासणीत दिसलं.

"वस्ती एकतीसवर आलीये," डॉक्टर निखत पडद्यावरचं चित्र फिरवत म्हणाल्या. "आणि ही गाठ बघा. मागच्या वेळी आक्रसली होती ती पुन्हा फुगतीये. कडेला एक नवी ठिपकी पण आहे." त्यांनी चष्मा काढला. "काका, दुसरं काही आंबवलेलं पोटात गेलं का? इडली, लोणचं, बाहेरचं ताक? अगदी एखाद्या वेळी?"

"नाही," शिरीष म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला, की निखत मुजावर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मग तिसरं दळ तुमच्यात रुजत नाही असंच म्हणावं लागेल. नियमाप्रमाणे पुढच्या गुरुवारी मला तुम्हाला चाचणीतून बाहेर काढावं लागणार. नुसत्या दोन औषधांनी तुमची गाठ याआधी हललेली नाहीये, तेव्हा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आणि खरं सांगते, मलाही हा धक्का आहे. तुमच्यासारखे रुजून उपटले गेलेले आणखी दोन निघाले, तर हा मार्गच चुकीचा असं ठरेल. मागे रांगेत पुष्कळ माणसं उभी आहेत."

म्हणजे शालन मोटे जाणार होती. कायमची. हेमांगीला हेच हवं होतं. तिनं शिरीषकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. ती कधी सैल झाली हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"दही माझं होतं," हेमांगी म्हणाली.

"काय?"

"त्यांच्या डबीतलं मी टाकून देत होते. माझ्या विरजणाचं घालत होते. यांना माहीत नाही. यांचा काही दोष नाही."

निखत मुजावरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता, पण काकू हा शब्दही त्यात नव्हता. "दह्यातले तुमचे जिवाणू काही वाईट नाहीत हो. पण पाहुण्यांची वस्ती अजून कोवळी होती. तुम्ही रोज त्यांच्या जागेत दुसऱ्यांना घुसवत होतात आणि त्यांच्या घरचं दही बंद केलंत. का केलंत असं?"

"मला सहन होईना," हेमांगी म्हणाली. यापेक्षा खरं उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

झाला प्रकार नोंदवावा लागला. वरच्या समितीनं शिरीषला आणखी एक संधी दिली, नव्यानं सुरुवात करण्याची. पण ज्याचे जिवाणू वापरायचे त्याला सगळं कळवायचं, असाही नियम होता. दोन दिवसांनी निखत मुजावरांचा फोन आला.

"शालनताई नको म्हणाल्या. आमचं दही टाकून देत्यात तर कशाला पाठवू, म्हणाल्या. त्यांना आग्रह करायची मला मुभा नाही. दुसरं कुणी जुळणारं शोधायला महिने जातील."

"मला मुभा आहे?"

"तुम्हाला कोण अडवणार? पण धाक नको, पैसा नको, कसलं आमिष नको. आणि सकाळी लवकर निघा, तिकडे जायला वेळ लागतो."

हेमांगी लवकर निघाली नाही. दुपारच्या गिऱ्हाइकांची ताटं वाढून झाल्यावर निघाली, कारण त्या बाईच्या दारात जायचं या विचारानंच तिचे पाय जड झाले होते. बिनड्रायव्हरच्या एसटीनं तिला जतला सोडलं, तिथून दुसऱ्या गाडीनं फाट्यावर. पुढे माळावरून चालत ती मोटेवस्तीवर पोचली, तेव्हा दिवस बुडाला होता आणि शालन मेंढरं वाड्यात कोंडून कवाडाला काटेरी झाप लावत होती.

शालननं तिला बघितलं. झाप नीट बसवला, हात झटकले, तांब्याभर पाणी आणून दिलं. मग ओट्यावर बसली. बस म्हणाली नाही.

"सहज आले होते," हेमांगी म्हणाली. "म्हटलं, तब्येत कशी आहे बघावी."

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय, ताई?" शालन म्हणाली. "पिशवीत डबी हाय न्हवं?"

डबी होती. हेमांगीनं ती काढून समोर ठेवली. "माझं चुकलं. मला द्या विरजण. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी द्या."

"दिवं लागलं. दिवेलागनीला विरजण घराभायर देत न्हाईत."

हे हेमांगीलाही ठाऊक होतं. तिच्या सासूनंही कधी दिलं नव्हतं. "मग सकाळी द्याल?"

"सकाळचं सकाळी बगू. आता परतीची गाडी न्हाई. जेवा आन् पडा."

शालननं चुलीवर भाकरी थापली, हुलग्याचं माडगं ढवळलं, शेंगदाण्याची चटणी आणि दही वाढलं. हेमांगी जन्मभर लोकांना जेवू घालत आली होती. पुढ्यात असं ताट घेऊन बसायची तिला सवय नव्हती. तिनं दह्यात बोट बुडवून चाखलं. घट्ट, गोडसर, मागून हलकासा धुराचा वास. ते चांगलं होतं. तिच्या दह्यापेक्षा चांगलं होतं, आणि हे कळण्याइतकी तिची जीभ शाबूत होती. मत्सरानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला तुमचा राग येत होता," ती म्हणाली. "ते तुमच्यासारखं जेवायला लागले. कुळथाला हुलगे म्हणायला लागले. माझं जेवण त्यांना नकोसं झालं. मला वाटलं, तुम्ही माझा नवरा घेतलात."

शालन एकदम खो खो हसली आणि हसता हसताच थांबली. "तुमाला माजा राग? आन् मला काय वाटत आसंल तुमच्याकडं बगून? तुमी बाकड्यावर बसून नवऱ्याची वाट बगता. तो भायर येतो. माजा कोन येतोय?" तिनं शर्टाची बाही नाकावरून फिरवली. "मालक हुतं तवा बी कदी चांगलं म्हनलं न्हाईत. मान खाली घालून जेवायचं आन् मेंढरामागं जायाचं. आता किती जनांच्या पोटात माजं दही जातंय. रगत घेत्यात, तपासत्यात, आकडं काडत्यात. पर चांगलं झालंय म्हननारं एक तोंड न्हाई. म्हनून तुमाला इचारलं, काय म्हनत्यात. तुमी म्हनला, औषद."

हेमांगीच्या हातातला घास हातातच राहिला. तो निरोप अजून तिच्याजवळच होता. शिरीषनं उभ्या आयुष्यात तिच्या दह्याला 'बरा आसा' याच्यापुढे काही म्हटलं नव्हतं. हे एक वाक्य त्यानं दुसरीला दिलं होतं, आणि ते दिलं की आपल्याकडे काही उरणार नाही असं तिला वाटत आलं होतं.

"ते तसं म्हणाले नव्हते," ती म्हणाली. तिला शब्द जड जात होते. "मी खोटं सांगितलं. ते म्हणाले, असलं दही माझ्या जन्मात खाल्लं नाही. शालनताईंना माझा निरोप सांग, म्हणाले."

"आसं म्हनलं?"

"हो."

"पुन्यांदा सांगा."

हेमांगीनं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्तच जड गेलं. शालन चुलीतली लाकडं उगीचच पुढे-मागे सरकवत राहिली आणि तिची पाठ हेमांगीकडे होती. मग तशीच पाठमोरी म्हणाली, "माडग्यात मीठ कसं झालंय?"

"थोडं कमी आहे," हेमांगी म्हणाली.

"लई आगाव बाई हाय," शालन म्हणाली आणि मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली.

सकाळी उजाडल्यावर तिनं डबी भरून दिली, वर स्वच्छ फडकं बांधलं. "ड्रोनची डबी बी धाडते म्हनून सांगा डाक्टरीणबाईस्नी," ती म्हणाली. "आन् दाजींस्नी म्हनावं, निरोप पोचला."

नव्या कॅप्सूल दिल्या गेल्या. हेमांगीनं दूध कोमट केलं, शालनचं विरजण घातलं आणि सासूची डबी पुन्हा खाणावळीच्या फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं शिरीषला भाकरी वाढली, वाटी ठेवली आणि जुन्या सवयीनं बाहेर जायला वळली.

"हेका चुलीचो वास आसा," शिरीष मागून म्हणाला. "ह्या तेंचा."

हेमांगी दारातच थांबली. डॉक्टरांच्या खोलीत तो किती झटकन 'नाही' म्हणाला होता, ते तिला आठवलं. "म्हणजे तुमका कळलेला?"

"पयल्याच घासाक. माज्या आवशीच्या विरजणाची चव माका कळाची नाय?"

"मगे खाल्लात कित्याक?" ती ओरडलीच. "मराचा होता तुमका?"

शिरीषनं भाकरीचा तुकडा मोडला. त्याची बोटं बारीक झाली होती. "तिखला नको म्हटलंय आणि माका वाढून तू भायर जाऊक लागलंस. त्या दिवशी समोर बसलंस. वाटी सारली असती, तर परत उठान भायर." त्यानं तुकडा दह्यात बुडवला. "म्हटला, चार दिस खातंय. मगे चाराचे आठ झाले."

इतके दिवस जिच्यावर हेमांगी जळत होती, ती बाई या जेवणात कधी आलीच नव्हती. हा माणूस समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत जेवत होता.

फोनवर आकडा होता. काल एकतीस, आज तेहतीस. तो बघून तिला आनंद झाला, आणि आत कुठेतरी जुनी कळही उठली. ती कळ जाणार नव्हती, हे तिनं ओळखलं. तिनं भिंतीकडचं स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर बसली.

"जेवा," ती म्हणाली. "तोंडानं कौतुक केलंत तर बघा."

शिरीषनं वाटी जवळ ओढली. तो खाली मान घालून जेवत राहिला, आणि शेवटचा घास जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.